एकोणचाळीस सिनेमे आणि चुकीच्या पत्त्यावरची तक्रार

अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी एका तरुण दिग्दर्शकाला ‘हे बघ’ म्हणून सुचवलेल्या ३९ परदेशी चित्रपटांची यादी २०१२ च्या सुमारास जगभर पसरली. तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी ती नव्याने शोधून काढतं. सध्या ती नागपुरात सिनेमा गांभीर्याने बघणाऱ्या मंडळींमध्ये फिरते आहे, आणि यादीत काय आहे यापेक्षा काय नाही यावरच भांडण जुंपलं आहे. यादीत भारतीय चित्रपट एकही नाही. सत्यजित राय नाहीत, ऋत्विक घटक नाहीत, गुरुदत्त नाहीत. आफ्रिका नाही, लॅटिन अमेरिका नाही, इराण नाही. एक तट म्हणतो, ही पाश्चात्त्यांची मग्रुरी आहे, आपण असल्या याद्यांना विचारूच नये. दुसरा म्हणतो, एवढ्या मोठ्या माणसाची आवड आहे, त्याला जाब विचारणारे तुम्ही कोण? माझ्या मते दोघेही एकच चूक करत आहेत. दोघेही यादीकडे निकालपत्र म्हणून बघतात. दिग्दर्शकाची आवडती यादी म्हणजे सिनेमाच्या प्रिंट कुठल्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचल्या त्याचा नकाशा असतो. त्यातल्या मोकळ्या जागा खऱ्या आहेत, गंभीरही आहेत, पण त्यांची तक्रार न्यूयॉर्कला पाठवून काही होणार नाही. त्यातली निदान अर्धी आपल्याच दारात नोंदवायला हवी.

आधी यादी नीट वाचू. मूकपटांच्या काळातले मुर्नाव आणि फ्रिट्झ लांग, मग रन्वार, रोसेलिनी, डी सिका, व्हिस्कोन्ती, ओझू, मिझोगुची, कुरोसावा, त्रुफो, गोदार, अंतोनिओनी आणि शेवटी फासबिंडर, वेंडर्स, हर्झोग. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि जपान या चार देशांच्या बाहेर यादी जवळजवळ पाऊल टाकत नाही. (दुसऱ्या महायुद्धात हरलेले तिन्ही प्रमुख देश आणि शेजारी फ्रान्स. इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकाने यावर स्वतंत्र लेख लिहावा.) आता गैरहजेरी मोजू. इंगमार बर्गमन नाही, म्हणजे स्वीडन गायब. आयझेनस्टाइन आणि तारकोव्हस्की नाहीत, म्हणजे अख्खा रशिया गायब. बुन्युएल नाही. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे फेलिनी नाही! त्याच २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाने दिग्दर्शकांकडून सर्वोत्तम चित्रपट मागवले, तेव्हा स्कॉर्सेसींनी दिलेल्या मोजक्या नावांत फेलिनींचा ‘एट अँड अ हाफ’ होता. ज्याला पहिल्या दहा-बारांत फेलिनी लागतो, त्याच्या ३९ मधून फेलिनी निसटतो, याचा अर्थ काय लावायचा? स्कॉर्सेसींना स्वीडिश लोकांचा राग आहे असं कुणी म्हणत नाही. मग रायांच्या गैरहजेरीतच तेवढा भारताचा अपमान कसा दिसतो? ही यादी कुणा अकादमीने संगमरवरात कोरलेली नाही. एका व्यग्र माणसाने एका नवख्याला आठवेल तसं सांगितलं आहे.

इतकं म्हणून विषय संपवता आला असता तर बरं झालं असतं. तो संपत नाही, कारण पहिल्या तटाकडे दोन मुद्दे असे आहेत की ते झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पहिला मुद्दा असा, की मोठ्या माणसाची आठवणही निरागस नसते. यादी घाईत केलेली असली तरी ती वापरली जाते सावकाशीने आणि वर्षानुवर्षं. फिल्म शाळेतली मुलं ती समोर ठेवून सिनेमे बघतात, त्यातले काही पुढे दिग्दर्शक होतात आणि त्यांच्याही याद्या मागवल्या जातात. ज्याचं नाव येतं त्याची प्रत सुधारली जाते, नव्याने बाजारात येते, पुन्हा बघितली जाते आणि पुन्हा यादीत शिरते. ज्याचं नाव पहिल्यांदा राहिलं त्याचं दुसऱ्यांदाही राहतं. हे खरं आहे आणि मला पूर्ण मान्य आहे. दुसरा मुद्दा याहून धारदार आहे. ‘पोहोचला नाही म्हणून राहिला’ हा युक्तिवाद रायांना लागू पडत नाही. ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा दाखवला गेला तोच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, १९५५ साली. पुढे १९५८ मध्ये त्याच शहरातल्या थिएटरात तो कित्येक महिने चालला. स्कॉर्सेसी त्याच शहरात वाढले. भरीला आणखी एक गोष्ट. २०१२ च्या त्यांच्या मोजक्या सर्वोत्तमांमध्ये झाँ रन्वार यांचा ‘द रिव्हर’ आहे, म्हणजे बंगालमध्ये, गंगाकाठी चित्रित झालेला सिनेमा. त्याच्या जागा शोधताना रन्वारसोबत फिरणारा कलकत्त्याचा जाहिरात कंपनीतला तरुण म्हणजे सत्यजित राय. तेव्हा भारत स्कॉर्सेसींना दिसला, पण तो फ्रेंच डोळ्यातून, असं कुणी म्हटलं तर त्याला काय उत्तर आहे?

उत्तर आहे, आणि ते देण्यासाठी ज्या चार देशांवर आपला राग आहे त्यातल्याच एकाची गोष्ट सांगतो. १९५० साली युरोप-अमेरिकेतल्या कुठल्याही दिग्दर्शकाला आवडते सिनेमे विचारले असते, तर त्यात जपानी चित्रपट बहुधा एकही नसता. तेव्हा मिझोगुची सत्तावीस वर्षं सिनेमे करत होते आणि ओझू तेवीस. म्हणजे आज जगातल्या कुठल्याही यादीत ज्यांच्यावाचून चालत नाही, त्यांची अर्ध्याहून अधिक कारकीर्द पश्चिमेला पत्ता नसताना उरकली होती. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात कुरोसावांच्या ‘राशोमोन’ने सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार पटकावला आणि दार उघडलं. पण ‘राशोमोन’ व्हेनिसला गेला कसा? ज्या दाएई कंपनीने तो काढला होता तिलाच त्यावर भरवसा नव्हता. जपानमध्ये राहणाऱ्या जुलियाना स्त्रामिजिओली या इटालियन बाईंनी तो बघितला, त्यांना आवडला आणि त्यांनी आग्रहाने तो पाठवायला लावला. जपानी सिनेमा १९५१ साली अचानक चांगला झाला नाही. एक प्रिंट जहाजावर चढली, एवढाच फरक पडला. आज ३९ मध्ये सात जपानी चित्रपट आहेत, त्यांच्या मुळाशी ती एक बाई आणि तो एक डबा आहे.

स्कॉर्सेसींचं इटलीप्रेमही असंच आलेलं आहे. ते उपजत नाही. सिसिलीहून आलेल्या कुटुंबात ते वाढले. न्यूयॉर्कच्या टीव्हीवर तिथल्या इटालियन वस्तीसाठी इटालियन सिनेमे लागायचे आणि घरातली मोठी माणसं ते बघताना रडायची. ‘माय व्हॉयेज टू इटली’ या माहितीपटात त्यांनीच हे सांगितलं आहे. म्हणून रोसेलिनी त्यांना तोंडपाठ आहे. रायांचे सिनेमे त्यांना नंतर भेटले, एक मोठा परका कलावंत म्हणून भेटले. लहानपणी घराच्या छोट्या पडद्यावर रडून बघितलेलं आणि मोठेपणी नावाजलेलं म्हणून बघितलेलं यांत पहिलं आधी आठवतं. नवख्याला घाईने यादी सांगताना माणूस तिथूनच उचलतो. हा गुन्हा असेल तर आपण सगळेच आरोपी आहोत.

आणि यादीबाहेर याच माणसाने काय केलं तेही बघायला हवं. २००७ साली त्यांनी जगभरातले दुर्लक्षित चित्रपट वाचवण्यासाठी एक संस्था उभी केली. तिने ज्यांच्या प्रती सुधारल्या त्यांत सेनेगलच्या जिब्रिल दिऑप माम्बेती यांचा ‘तुकी बुकी’ आहे, ऋत्विक घटकांचा ‘तिताश एकटि नदीर नाम’ आहे आणि उदय शंकर यांचा ‘कल्पना’ही आहे. १९४८ सालचा ‘कल्पना’ नव्या प्रतीत कान महोत्सवात दाखवला गेला तो २०१२ च्या मे महिन्यात. म्हणजे ज्या वर्षी आपण ‘यादीत भारत नाही’ म्हणून हिशेब मांडायला लागलो, त्याच वर्षी यादीचा कर्ता भारतातला एक चित्रपट शब्दशः मरणाच्या दारातून परत आणत होता. ‘तुकी बुकी’चं पुढे काय झालं? २०२२ च्या ‘साइट अँड साउंड’ मतदानात तो पहिल्या शंभरांत आहे. आधी प्रत वाचली, मग ती लोकांपर्यंत पोचली, मग मत पडलं. हा क्रम उलटा करता येत नाही.

दुसऱ्या तटाशी माझं भांडण इथे सुरू होतं. ‘आवड ही खासगी बाब, तिथे कोटा लावू नका’ असं ते म्हणतात. कोट्याबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे. दर खंडाचा एक सिनेमा घालून सजवलेली यादी म्हणजे सरकारी कार्यक्रमातलं स्वागतगीत, कुणाला दुखवत नाही आणि कुणाला ऐकूही येत नाही. पण ‘उत्तम असेल ते आपोआप वर येतं’ हे त्यांचं पुढचं वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे याचा पुरावा भारताइतका दुसऱ्या कुठल्या देशात क्वचितच मिळेल. आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट निघाले. आज हाती आहेत ते तीसच्या आसपास, त्यातलेही बरेच तुकड्यातुकड्यांत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ कुणालाच बघता येत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. जुनी नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, आणि जी पेटली नाही ती लोकांनी चांदी काढायला विकली. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट साठा जळाला, त्यात प्रभातचेही चित्रपट होते. खुद्द रायांच्या अपू चित्रत्रयीच्या, म्हणजे ‘पथेर पांचाली’ आणि त्याच्या पुढच्या दोन भागांच्या, मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. त्या होरपळलेल्या रिळांवर फ्रेमागणिक मेहनत घेऊन २०१५ साली नव्या प्रती निघाल्या, म्हणून आज ‘पथेर पांचाली’ डोळ्यांना नीट दिसतो. जळालेला सिनेमा उत्तम होता की सुमार, हे काळाने ठरवलं असं म्हणायचं का?

आता आपल्या दाराशी येतो. सिनेमाच्या धंद्यात नागपूर अजूनही ‘सीपी बेरार’ सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या त्या नावाच्या विभागात मोडतं. ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ हा प्रांत १९५० साली संपला, विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी वितरकांच्या वह्यांत इंग्रजांचा नकाशा शाबूत आहे. चित्रपटाचे हक्क मुंबई सर्किटला विकले गेले म्हणजे इकडे विकले गेले असं होत नाही. इकडचा सौदा वेगळा, हिशेब वेगळा, आणि गणित हिंदी सिनेमाचं. म्हणून पुण्यात पाचव्या आठवड्यात असलेला मराठी सिनेमा नागपुरात कधी लागतच नाही, कधी लागला तर सकाळी साडेनऊच्या शोला, आणि रविवारी सवड काढून जावं तर शुक्रवारीच उतरलेला. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवण्याचं बंधन घातलं. बंधनाने पडदा मिळतो, पण प्रिंटची वाट बदलत नाही. ज्या शहरातले चौक अजून टॉकीजच्या नावाने ओळखले जातात, व्हरायटी चौक, अलंकार टॉकीज चौक, त्या शहरातल्या जाणत्या प्रेक्षकाला दहा उत्तम मराठी चित्रपट विचारा. जी नावं येतात ती कोल्हापूर-पुणे-मुंबईची. त्याच्या आवडीत खोट नाही. जे आलं ते त्याने बघितलं. स्कॉर्सेसींच्या बाबतीत आपण ज्याला मग्रुरी म्हणतो, त्यालाच आपल्या बाबतीत ‘काय करणार, इकडे लागलाच नाही’ म्हणतो!

आणि देशाचं काय? अरिबम श्याम शर्मा यांचा मणिपुरी ‘इशानौ’ १९९१ साली कानला गेला आणि त्याची सुधारलेली प्रत २०२३ साली पुन्हा कानला दाखवली गेली. जानू बरुआंच्या असमिया ‘हालोधिया चोराये बाओधान खाय’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. जी. अरविंदन यांचा मल्याळम ‘कुम्माट्टी’ तर लहान मुलांनीही बघावा असा. रायांची बाजू घेऊन स्कॉर्सेसींवर तुटून पडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या यादीत यांतला एक तरी आहे? रायांचेच किती बघितलेत? ‘रायांचा सिनेमा न बघणं म्हणजे जगात राहून सूर्यचंद्र न बघणं’ या आशयाचं कुरोसावांचं वाक्य आपल्याकडे प्रत्येक स्मरणिकेत छापलं जातं. कुरोसावांनी स्वतःच्या शंभर आवडत्या चित्रपटांत ‘पथेर पांचाली’ घेतलाही. पण प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर टांगणं वेगळं आणि सिनेमा बघणं वेगळं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे, की सामान्य प्रेक्षकाला असलं काही झेपत नाही. मी ते मानत नाही, कारण एक वाट आपल्याकडे होती आणि ती चालत होती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवायचं, खाली इंग्रजी ओळी. महाल, इतवारी, धरमपेठ, कुठल्याही घरात जेवणं आटोपल्यावर तो लागलेला असायचा. निम्मे लोक पेंगायचे, हे कबूल. पण न पेंगणाऱ्यांनी अदूर गोपालकृष्णन, मृणाल सेन, गिरीश कासरवल्ली तिथेच बघितले, एक पैसा न देता, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातसुद्धा न जाता. त्या पिढीतल्या माणसाच्या आवडत्या सिनेमांची यादी आजच्या, हातात सगळं जग असलेल्या मुलापेक्षा भारतापुरती तरी रुंद निघते. आजचा मुलगा कमी हुशार नाही. त्याला कोरियन थरारपट समोर आणून दाखवले जातात आणि कासरवल्ली शोधावे लागतात, एवढाच त्याचा दोष.

यादीत जागा मागण्यापेक्षा वाट बांधण्याची उदाहरणं इतिहासात भरपूर आहेत, आणि ती बहुतेक अशाच लोकांची आहेत ज्यांना यादीने खरोखर वगळलं होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहती १९६० च्या सुमारास स्वतंत्र झाल्या, पण तिथली थिएटरं दोन फ्रेंच कंपन्यांच्या मुठीत राहिली. सेनेगलचे उस्मान सेम्बेन सिनेमा काढायचे आणि त्यांच्याच लोकांना तो थिएटरात दिसायचा नाही. त्यांनी पॅरिसला निवेदनं देऊन आयुष्य काढलं असतं तर? १९६९ साली अपर व्होल्टाच्या, म्हणजे आजच्या बुर्किना फासोच्या राजधानीत, वागादुगुला आफ्रिकी सिनेमाचा स्वतःचा महोत्सव सुरू झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने देशातली थिएटरं ताब्यात घेतली. जगातल्या गरिबांत गणल्या जाणाऱ्या देशाने आधी पडदा आपला केला. केरळात जॉन अब्राहम यांनी १९८६ चा ‘अम्मा अरियान’ लोकांकडून वर्गणी गोळा करून काढला आणि गावोगाव नेऊन दाखवला. वितरकाला विचारलंच नाही.

इतकं लांब जायलाही नको. मराठी साहित्याच्या थोरांच्या याद्यांत दलित लेखक नव्हते, त्या काळात गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं. पानतावणे जन्माने नागपूरचे. संपादकांच्या आवडीनिवडीवर टीका झाली, व्हायलाच हवी होती, जोरात झाली. पण टीकेच्या बरोबरीने कागद, छपाई, टपाल आणि वर्गणीदार यांची वाट उभी राहिली, म्हणून ती टीका टिकली. नंतरच्या याद्या बदलल्या त्या कुणाच्या मनात अपराधभाव आला म्हणून नव्हे, तर ती पुस्तकं टाळता येण्याजोगी उरली नाहीत म्हणून. नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, त्यांची बोली आणि बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक पडद्यावर आणली ती २०२२ साली. ज्या शहरात १९५६ साली दीक्षाभूमीवर ते घडलं, त्या शहराची ही बाजू मोठ्या पडद्यावर यायला साडेसहा दशकं लागली. या मोकळ्या जागेला स्कॉर्सेसी जबाबदार आहेत का?

एक आक्षेप राहतो आणि तो व्यवहारी माणसाचा आहे. दाखवलंत तरी येणार कोण? आपल्याकडे महोत्सव भरतो तेव्हा गर्दी होते आणि मग वर्षभर सामसूम असते, हे मीही बघतो. केरळचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, तिकडचे लोक शिकलेले, त्यांचं वेगळं. शिकलेले नागपुरात कमी आहेत का? तिरुवनंतपुरमला डिसेंबरात महोत्सवासाठी सकाळी सकाळी रांगा लागतात. तो महोत्सव १९९६ साली सुरू झाला, पण अदूर आणि त्यांच्या मित्रांनी तिथे चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली होती १९६५ साली. मधली तीस वर्षं गावोगावच्या सोसायट्यांनी भाड्याच्या हॉलमध्ये, घरघरणाऱ्या प्रोजेक्टरवर सिनेमे दाखवले. आपल्याला निदान रिळांचे डबे वाहावे लागणार नाहीत. महापालिकेचा एक हॉल, महिन्यातला एक ठरलेला रविवार, खाली मराठी ओळी असलेली प्रत आणि पुढच्या महिन्यात काय आहे ते सांगणारा एक कागद, एवढ्यावर सुरुवात होते. मराठी ओळी लिहायला पैसे लागतील, आणि ते मिळवणं हॉल मिळवण्यापेक्षा अवघड जाईल. पहिली काही वर्षं अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतील हेही धरून चालावं लागेल.